माश्यांचा स्वयंपाक

मावशी भरलेली शिशी आधी गालाला लावायच्या. गार लागली की म्हणायच्या, "चाल, आता पोरायले जेवू दे." पोरं म्हणजे आमच्या फळमाश्या. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट शिजवून त्यांच्यासाठी रांधणं हे प्रयोगशाळेत मावशींचं काम. बाकीचे आम्ही शास्त्रज्ञ, असा आमचा समज होता.

वाढत्या पंखात एक पेशी शेजारणीला 'वाढ' किंवा 'मर' असा निरोप कसा देते, हा माझा विषय. एक जनुक बिघडवलेल्या माश्या मी वाढवल्या, तर पंख एवढुसेच निघाले. पेशी मेल्या! मी नाचलेच. सोमवारी विभागापुढे तसं जाहीर करायचं ठरलं.

शनिवारी मावशी शिश्या धुवायला न्यायला आल्या. माझी एक शिशी त्यांनी उजेडाकडे धरली.

"काहून वं, इतक्या अळ्या एकाच घरात कोंबल्या?"

"मोजायला जास्त माश्या हव्या होत्या, मावशी."

"अन् त्या धडधाकट माश्यायच्या शिशीत?"

"तिथे... कमी."

"मंग? अर्धपोटी लेकरं लहानच राहतीन. जनुकाले काहून बदनाम करून राहिली?"

मी दोन्ही शिश्या शेजारी धरून पाहिल्या. खरंच होतं. मावशी पोट धरून हसत होत्या.

आमचं घर चळवळीतलं; भिंतीवर फोटो कमी आणि कपाटात मोर्चांची पत्रकं जास्त. राबणाऱ्याचं श्रेय गिळणं तिथे कुणी शिकवलं नाही. सोमवारी मी उभी राहिले. "चूक माझी. पकडली मावशींनी." सगळ्या माना दाराकडे वळल्या. तिथे मावशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या! नंतर मलाच ओरडल्या, "नाव काहून घेतलं वं? अर्धा चहा बशीत गेला ना!"

दोन्हीकडे सारखी अंडी मोजून मी प्रयोग पुन्हा केला. या वेळी पंख पूर्ण वाढले, फक्त कडेला एक खाच. पेशी मेल्या होत्या त्या तेवढ्याच. शोध लहान, पण खरा.

गेल्या उन्हाळ्यात मावशी निवृत्त झाल्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या खाचेचाच दिवस येतो. इतकी वर्षं त्यांनी मायक्रोस्कोप पुसला, पण आत डोकावा असं कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्या दिवशी मी त्यांना हाताला धरून बसवलं.

"अगं माय! उंदरानं कुरतडला का वं?"

मागे आमची रांग लागली. विभागप्रमुख सरही रांगेत. कुणीतरी खाकरलं.

"थांबा गा," मावशी मान न वळवता म्हणाल्या, "पाहून राहिली ना मी."