बांधावरचा पाला

काबासो सकाळी तळ्यावर गेली आणि बांधावरच मटकन बसली. अख्खं तळं पांढरं! मोठे, मधले, बोटाएवढे, एकूण एक मासे पोट वर करून तरंगत होते. काल संध्याकाळी हेच मासे तिनं टाकलेल्या कोंड्यावर तुटून पडले होते की!

बाई तशी लेचीपेची नव्हे. चाळीस वर्षं गावासाठी उबुबा कुटायचा मान तिचा. उबुबा म्हणजे माणसाच्या उंचीचं झुडूप, जांभळट-पांढरी फुलं, दिसायला अगदी गरीब. पण पाला कुटून नदीच्या डोहात सोडला की मासे गुंगून वर येतात, आणि खाणाऱ्याला काही होत नाही. दर उन्हाळ्यात सगळं गाव डोहात उतरायचं. तीन वर्षांपूर्वी डोहांत मासेच उरले नाहीत. तेव्हा तिनं आणि चितालूनं, तिच्या मुलीनं, कुदळीनं हे तळं खणलं, लांबून मडक्यांतून बीजाचे मासे आणले. घरात कालवणाला दुसरं काही उरलंच नव्हतं.

"कुणाच्या डोळ्यांत खुपलं गं माझं तळं?" काबासो किंचाळली.

ओरडा ऐकून चितालू धावत आली, मागोमाग शेजारचा सांपा. त्यानं पाणी हुंगलं. "चितालूची आई, हा तर उबुबा! गावात तुमच्याशिवाय कुटतंय कोण?"

"भावोजी, डोकं फिरलंय का? माझ्याच तळ्यात मी विष कालवीन?"

चितालू मात्र बांधाकडे बघत होती. "आई, काल घुशींची बिळं कशानं बुजवलीस?"

काबासोच्या तोंडचं पाणीच पळालं. घुशींनी बांध पोखरला होता, तो फुटेल या धास्तीनं तिनं बिळाबिळात उबुबाचा पाला ठासला होता. घुशी पळवायला कसाव्याच्या कंदांच्या शेतात सगळेच ठासतात. वरून घागरभर पाणीही ओतलं होतं. त्यातलं एक बीळ थेट तळ्यात उतरत होतं, हे मेलं तिला दिसलंच नाही!

"जाऊ द्या," सांपा हळूच म्हणाला, "खायला तर चालतील."

काबासोनं एक मासा चिरायला घेतला. त्याच्या तोंडातून बोटावर काहीतरी सांडलं. पिलं! तांदळाच्या कण्यांएवढी, मेलेली. तिनं दुसरा मासा उघडला. त्यातही तेच.

"ही जात पिलं तोंडातच वाढवते ना, आई," चितालू म्हणाली.

ते काय काबासोला ठाऊक नव्हतं? डोहातले मासे साफ करताना दर वर्षी अशीच पिलं आतड्यांबरोबर तिनंच कुत्र्यांपुढं फेकली होती. तिच्या हातातली सुरी गळून पडली.

"चितालू, अगं बाई गं... नदीसुद्धा मीच मारली!"

सांपानं खाली बसून ती पिलं वेचायला घेतली. डोहात तोही उतरायचा.