बापाच्या खोकल्यावरची खासदारकी

माझ्या नवऱ्याला खोकला झाला की मला आधी मुलाची काळजी लागते. कुणी मला निर्दयी म्हणेल, पण कायदाच तसा आहे. माझे यजमान अर्ल, म्हणजे इंग्लंडातले पिढीजात उमराव. ते गेले की त्याच क्षणी अ‍ॅम्ब्रोझ अर्ल होणार, आणि अर्लला लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात बसता येत नाही. त्याने उमरावांच्या सभागृहात जाऊन पेंगायचं. पदवी नको म्हणायचीही सोय नाही.

अ‍ॅम्ब्रोझ काही मोठा पुढारी नव्हे. लहानपणी तोतरा बोलायचा. युद्धातून लंगडत परतला आणि बूट बनवणाऱ्या एका गावातून निवडणुकीला उभा राहिला. तिथल्या एका बाईने त्याला दारातच विचारलं, "साहेब, तुमच्या घरी न्हाणीघरं किती? आमच्या अख्ख्या गल्लीत नळ एक." ती निवडणूक तो हरला. पण हरल्यावरही तो नळ बघायला गेला, म्हणून पुढच्या खेपेला निवडून आला. तेव्हापासून सभागृहात याचं एकच: नळ, गटारं, ओल आलेल्या भिंती. वर्तमानपत्रं त्याला 'गटारांचे सरदार' म्हणतात आणि या वेड्याला ते आवडतं.

शुक्रवारी त्याच्या घरदुरुस्तीच्या विधेयकावर मतदान आहे. मांडणाराच सभागृहाबाहेर गेला तर ते बारगळलं.

ईस्टरला जेवताना त्याने सहज विचारलं, "बाबा, छाती कशी आहे?"

"तुझी खुर्ची शाबूत आहे, घाबरू नकोस," हे म्हणाले.

अ‍ॅम्ब्रोझने काटा खाली ठेवला, तो उठलाच. त्यानंतर घरी आलेला नाही. मला फोन करतो, पण बापाचं नाव काढत नाही. बापही काढत नाही. मी मधल्या मध्ये.

गेल्या आठवड्यात हे मेंढ्यांच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून दिवसभर पावसात उभे राहिले.

"अहो, छत्री नेली होती ना?"

"मेंढ्यांकडे नव्हती."

अशा माणसाशी काय बोलणार?

आज डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं भरली आहेत, मुलाला बोलावून घ्या. डॉक्टर गेल्यावर यांनी मला जवळ बोलावलं. "त्याला कळवायचं नाही. काम टाकून येईल. शुक्रवार होऊ दे, तोवर मी जात नाही."

म्हणजे विधेयकाची तारीख यांना पाठ होती. एवढं तोंडाने पोराला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? दोघांनाही कानाखाली द्यावीशी वाटते. एक सत्तरीचा आहे, दुसरा चाळिशीचा.

आज बुधवार. उद्या सकाळच्या गाडीने निघाला तर तो दुपारी इथे पोहोचेल, रात्रीच्या गाडीने परत. यांनी बजावलंय खरं, पण आजवर पुष्कळ ऐकलं. आत्ताच लंडनचा नंबर मागते. पदवीबद्दल, खुर्चीबद्दल बोलणार नाही. बाप शुक्रवारपर्यंत तग धरायचं म्हणतोय, एवढंच त्याला सांगते.