मधवाल्याचं सरकार

रियाधच्या बत्हा बाजारात माझं बॅगांचं दुकान गल्लीच्या आतल्या बाजूला आहे. कोपऱ्यावरचं, बस थांबतात त्यासमोरचं दुकान एका येमेनी मधवाल्याचं. मायदेशी निघालेला माणूस शेवटच्या दिवशी बॅग घेतो, तीही रस्त्यावरून दिसली तरच. म्हणून त्या कोपऱ्यावर माझा पहिल्यापासून डोळा. रत्नागिरीहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात धूळ पुसत होतो. जागा काय असते ते मला शिकवायला नको.

मग येमेनच्या युद्धातून एक सरकार जन्माला आलं, तेही इथेच, रियाधच्या हॉटेलात. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारे उत्तरेचे आणि दक्षिणेचे गट, तिसराच शत्रू दोघांनाही भारी पडतोय म्हणून एका टेबलाशी बसले आणि खाती वाटून मोकळे झाले. मधवाल्याच्या गावचा एकजण मंत्री झाला. त्याने मधवाल्याला सल्लागार नेमलं.

दुसऱ्या दिवशी हा कोट चढवून माझ्याकडे. "सदीक, दोस्ता, मी एडनला चाललो. आपला कफील एकच, दोन्ही दुकानांचा परवाना त्याच्याच नावावर; त्याच्याशी बोललोय. दुकान तू घे. अट एवढीच, आतला मध तू स्वतः विकायचा. वडिलांच्या डोंगरावरचा आहे, घाऊकवाल्याच्या गळ्यात मारणार नाही."

ज्याला जायची घाई आहे त्याची पहिली बोली घ्यायची नाही, हे मी याच बाजारात शिकलो. म्हटलं, "मध तूच ने. मी बॅगा विकतो."

"मंत्रालयात बरण्या नेऊ?"

"का? तिथे चाटणारे कमी आहेत का?"

तो हसला, पण अट सोडली नाही. मीही नाही. शपथविधी टीव्हीवर झाला, तेव्हा वाटलं, आता वाकतोय. बायको म्हणाली, "अहो, घ्या की मध. बिल्डिंगमध्ये मी विकून देते." मी तिला गप्प केलं. विमानाचा दिवस ठरू दे, तो आपणच येईल.

विमानाचा दिवस ठरलाच नाही. दक्षिणवाले म्हणाले एडनचं बंदर आमचं, उत्तरवाले म्हणाले पोलीस आमचे. मंत्री हॉटेलातच जेवत राहिले. शेवटी दक्षिणवाल्यांनी सरकारातल्याच दोस्तांचं एक शहर बळकावलं. सरकार खलास.

सकाळी बघतो तर मधवाला शटर वर करतोय, अंगात कोट नाही. माझं डोकं फिरलं. "देश चालवायला निघालात, आणि तुम्हाला एक हॉटेल सोडवलं नाही?"

"ओरडू नकोस. आम्ही निदान सहीपर्यंत गेलो. तू बरण्यांवरच अडलास."

"बरण्या तुझ्या, अट तुझी!"

"आणि दुकानही माझं," असं म्हणून त्याने काउंटर पुसायला घेतला.

आणखी एक आठवडा! टाय लावलेल्या त्या शहाण्यांनी आणखी एक आठवडा कळ काढली असती, तर हा विमानात आणि मी कोपऱ्यावर असतो. हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

आता पुन्हा नवं सरकार जुळतंय अशी कुजबुज आहे. काल त्याच्याकडे गेलो. "निम्मा मध घेतो, चल."

"आता सगळा. आणि वर्षभर पाटी माझ्या वडिलांच्या नावाची."

बॅगांच्या दुकानावर मधवाल्याच्या वडिलांची पाटी! मी चहा तसाच टाकून निघून आलो. पाटी केवढी, ते विचारायचं मात्र राहिलं.