भैरूजींच्या पोटातलं युडायलाइट

काकींच्या देवघरातला देव मी हिऱ्याच्या करवतीने कापला.

त्यांनीच दिला होता.

आज सकाळी गोविंद सर गेले. जालन्याच्या कॉलेजात मला जिऑलॉजी शिकवणारे माझे सर. रडून झालंय. आता सांगते, कारण ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आपल्याकडे कुठेही विहीर खणा, काळा बेसॉल्टच लागतो. आणि सरांचा जीव अडकलेला सोडियमने भरलेल्या अल्कलाइन खडकांत, जे इथे औषधालाही नाहीत!

"ग्रॅनाइटच्या वितळलेल्या रसात सोडियम जास्त झालं ना, की झिरकॉनियमला जल्दी स्फटिकात जागा मिळत न्हाई," सर वर्गात रंगून सांगायचे. "मंग ते, निओबियम, रेअर अर्थ म्हंजे दुर्मिळ धातू, सगळे ताटकळत राह्यतात आणि शेवटच्या पंगतीला एकत्र बसतात."

त्या शेवटच्या पंगतीतलं एक खनिज म्हणजे युडायलाइट. गुलाबी, देखणं.

सरांचं मूळ गाव राजस्थानात, बाडमेरकडे. घरात बाळ झालं की जावळ काढायला सगळं कुटुंब तिकडे कुलदेवीला जायचं. बाकीचे प्रसाद आणायचे, सर टेकडीवरचे दगड.

नातवाच्या जावळाला गेले तेव्हा त्यांना गुलाबी दाण्यांचा एक दगड सापडला. फुटू नये म्हणून त्यांनी तो प्रसादाच्या पिशवीत ठेवला.

तिथेच घोटाळा झाला. सरांच्या पत्नीला, म्हणजे काकींना वाटलं, देवीचे राखणदार भैरूजीच घरी आले. सर कॉलेजातून येईपर्यंत दगडाला तेल-शेंदूर लागून आरतीसुद्धा झालेली.

सरांची काही बोलायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून ते रोज देवघरासमोर बसून राहायचे. काकी खूश, की माणूस एकदाचा देवाला लागला.

यंदा सर अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी हात टेकले. सरांना जायच्या आधी एकच गोष्ट कळायला हवी होती.

ते दाणे युडायलाइटचे, की तशाच दिसणाऱ्या साध्या गार्नेटचे?

मी काम करते त्या पुण्याच्या लॅबमधलं, मूलद्रव्यं ओळखणारं, हातात धरायचं मशीन घेऊन आले, दगडाला टेकवलं. स्क्रीनवर शिसंच शिसं! शेंदूर शिशाचाच असतो, मशीन बिचारं तोच वाचत होतं. सर हसून हसून खोकले.

म्हणजे कापणं आलं.

आमच्या आष्टीच्या घरी बुद्धाचा फोटो आहे, देवघर नाही. दुसऱ्याचा देव मागायचा कसा, मला कळेना. सर म्हणाले, देव तिचा आहे, तिलाच विचार.

विचारलं. दगड घरात कसा आला तेही सांगून टाकलं.

काकी उठल्या. तेल कोमट केलं आणि स्वतःच्या हाताने सगळा शेंदूर उतरवला.

"इतके वर्ष यानं घर राखलं," त्या म्हणाल्या. "आता ह्यांचं एवढं काम करू दे. पण अर्धा मला वापस आणून दे."

लॅबमध्ये एका दाण्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला आणि आकडे यायला लागले.

सोडियम. झिरकॉनियम!

निओबियम! रेअर अर्थ!

मी खुर्चीवरून उडीच मारली. घाईत व्हिडिओ कॉल दोनदा चुकीच्या माणसाला लागला.

सरांचा आवाज खोल गेला होता. "क्लोरीन हाय का त्याच्यात?"

गार्नेटमध्ये क्लोरीन नसतं, युडायलाइटमध्ये असतं.

"आहे सर. भरपूर आहे."

"मंग बराबर."

मग त्यांनी काकींना बोलावून घेतलं आणि त्या अवस्थेत त्यांना शेवटच्या पंगतीचं अख्खं लेक्चर दिलं. मी कॉल कट केला नाही. सर इतके आनंदात मी कधीच पाहिले नव्हते.

परवा अर्धा दगड घेऊन घरी गेले. काकींनी त्याला पुन्हा शेंदूर लावला, मागून आणि बाजूंनी. कापलेली गुलाबी बाजू मात्र कोरी ठेवली, आणि ती सरांच्या पलंगाकडे वळवली.

"ह्यांना बघू दे," म्हणाल्या.

आज सकाळपर्यंत सर तिकडेच बघत होते.

सर, तुमच्या प्रज्ञाचा शेवटचा नमस्कार.