कुणीही चालू करावं असं इंजिन

मॉडेल विमानांच्या इंजिनांवर तोंडसुख घेण्यात वस्तादाचा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मुठीत मावतील एवढी ही इंजिनं. क्लबातल्या कुणी नवं आणलं, की ते मैदानावर आधी वस्तादापुढे ठेवायचं असा रिवाजच पडला होता. वस्ताद ते उजेडात धरायचा, उलटं करायचा, पंखा बसतो तो दांडा चिमटीत धरून हलवायचा, आणि ज्याने ते हौसेने आणलं असेल त्याच्याच देखत त्याचे वाभाडे काढायचा. इंधन कमीजास्त करायची सुई पंख्याच्या इतकी जवळ आहे, तेव्हा हे काढणाऱ्याला स्वतःची बोटं नकोशी झाली असावीत. इंजिनाच्या दोन बाजूंच्या ज्या पट्ट्यांनी ते विमानाला आवळतात त्यांना तो कान म्हणायचा. हे कान इतके पातळ, की विमान नाकावर आपटलं की पहिले तेच गळणार. धूर सोडायचं तोंड नेमकं पंखाकडे केलंय, म्हणजे सगळं तेल पंखावर. स्क्रू तर लोण्याचेच. एवढं बोलून झालं की इंजिन परत करायचं, हात पुसायचे आणि म्हणायचं, "टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवा. त्याला चालेल."

चीड येण्यासारखी गोष्ट ही, की तो बहुधा बरोबर असायचा. ज्याच्या इंजिनाचे कान गळतील म्हणून त्याने सांगितलं त्याचे गळायचे, आणि मग वस्ताद महिनाभर ते सगळ्यांना सांगत फिरायचा. माणूस बरोबर असला की त्याला माफ करणं फार जड जातं. वस्तादाला तर कुणी माफ करावं असं वाटतही नव्हतं.

पोटासाठी तो पंपांच्या कारखान्यात टर्नर होता. तिथेही त्याचं हेच. पंपांचे आराखडे काढणाऱ्या साहेबाला पाणी कुठून कुठे जातं हे ठाऊक नाही, शेजारच्या लेथवरच्या माणसाचा हात जड आहे, नवीन मशीन म्हणजे नुसता पत्रा. वस्ताद हे नाव त्याला तिथेच कुणीतरी चिडवायला ठेवलं होतं. याने ते पदवी मिळाल्यासारखं घेतलं आणि त्याच तोऱ्यात मिरवलं. घरी मागच्या खोलीत त्याचा जुना लेथ होता. ती खोली खरं तर मुलीला मिळायची होती. मुलगी बाहेरच्या खोलीत पडदा लावून झोपायला शिकली आणि लेथ खोलीत सुखाने नांदला. बायकोने या व्यवस्थेबद्दल एकदा तोंड उघडलं होतं. तेव्हा वस्तादाने तिला लेथ समतल जमिनीवरच का लागतो हे इतकं सविस्तर समजावलं, की तिने पुन्हा विषय काढला नाही. बायकोला स्क्रू आणि खिळा यांतला फरक कळत नाही असं तो चारचौघांत हसून सांगायचा. ती ऐकून घ्यायची.

मुलगी मात्र विमानं उडवायची, आणि अशी उडवायची की क्लबात बाकीचे आपलं विमान खाली ठेवून बघत बसायचे. ही विमानं तारेवरची. मैदानाच्या मध्यावर उभं राहून मुठीत हँडल धरायचं, हँडलपासून दोन बारीक तारा विमानाच्या पंखापर्यंत गेलेल्या, आणि विमान उडवणाऱ्याभोवती गोल फिरत वर, खाली, उलटं, सुलटं करायचं. मुलगी दिवसा दातांच्या कवळ्या बनवणाऱ्याकडे कामाला होती. बारीक कामाची तिला सवय होती आणि हात स्थिर होता. हे गुण आपल्याकडून आले याबद्दल वस्तादाला तिळमात्र शंका नव्हती.

त्याला आयुष्यात आता एकच हवं होतं. त्याने स्वतः घडवलेलं इंजिन मुलीने वार्षिक स्पर्धेत, सगळ्या क्लबाच्या देखत उडवावं. इतकी वर्षं लोक पाठीमागे म्हणत आले होते, की बोलायला काय जातं, एक करून दाखव म्हणावं. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि चांगलंच झोंबलं होतं.

म्हणून त्याने केलं. निंदा बाजूला ठेवून बोलायचं, तर काम देखणं होतं. सुई मागच्या बाजूला, पंख्यापासून लांब, आणि बोटाला फिरवताना कट कट लागेल अशी, म्हणजे विमान थरथरलं तरी आपली जागा सोडायची नाही. दांडा जाडजूड. पिस्टन वरच्या टोकाला आला की किंचित आवळून बसेल आणि खाली सैल होईल असा घासलेला. धूर खाली आणि बाहेर. स्क्रू सगळे एकाच मापाचे, म्हणजे मैदानावर एकाच पान्याने काम भागेल. कान जाड, आपटलं तर विमान मोडेल पण कान मोडणार नाहीत असे. आणि या सगळ्यांपेक्षा मोठा गुण म्हणून तो सांगायचा, की चांगलं इंजिन माणसाला खेळवत नाही, पंख्याला बोट मारलं की निघतं. हे इंजिन शेंबडं पोरसुद्धा चालू करेल, असं त्याने क्लबात जाहीर केलं.

एक गोष्ट मात्र त्याने जाहीर केली नाही. बाजारातल्या इंजिनांचे कान ठरलेल्या अंतराचे असतात, म्हणजे एक काढून दुसरं बसवता येतं. वस्तादाने आपल्या इंजिनाचे कान मुद्दाम रुंद केले, आणि मुलीच्या विमानाच्या नाकातल्या लाकडी पट्ट्याही त्याच रुंदीला लावून घेतल्या. त्या नाकात आता दुसरं कुठलंच इंजिन बसलं नसतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर वस्तादाने त्याला उभा सोलला असता.

विमानात बसवण्याआधी इंजिन मागच्या खोलीत फळीला आवळून तो रोज चालवायचा. धुराच्या तोंडात इंधनाचे दोन थेंब टाकायचे, तेही पिस्टन अमुक जागी असताना. सुई एक कट मागे. पंखा सरळ न मारता उलटा मारायचा, म्हणजे दाब बसून तो आपोआप सुलटा फिरतो. मनगटाला एक झटका, फार नाही. इतक्या दिवसांत हे सगळं त्याच्या हातात असं मुरलं, की आपण काही करतो हेच त्याला कळेनासं झालं. त्याच्या मते तो फक्त बोट मारत होता. मुलीने दोनतीनदा म्हटलं, की मला करून बघू द्या. तिने पंखा सरळ मारला, इंजिन थुंकल्यासारखं करून गप्प बसलं, आणि वस्तादाने तिला कोपराने बाजूला केलं. "थांब, मी करतो." त्याने केलं, इंजिन निघालं, आणि त्याने तिच्याकडे बघितलं की बघ, किती सोपं आहे. पुढे सरावालाही तोच चालू करून द्यायचा आणि ती उडवायची. काही दिवसांनी तिने विचारणं सोडलं. तिला पटलं असा त्याने अर्थ घेतला.

स्पर्धेचा नियम जुना होता आणि वस्तादाला तो पाठ होता: उडवणाऱ्यानेच इंजिन चालू करायचं, तेही ठरल्या वेळात. मदतनिसाने नुसतं शेपूट धरायचं आणि खूण झाली की सोडायचं. इंजिनाला त्याने बोट लावलं की फेरी बाद. नियम पाठ असणारा हा माणूस स्पर्धेच्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि इंजिनांच्या दुकानदाराला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवून आला. दुकानदाराच्या मालावर तो आयुष्यभर थुंकत आला होता. आज त्याचं तोंड कसं होतं ते वस्तादाला बघायचं होतं.

मुलीचा पुकारा झाला. वस्तादाने शेपूट धरलं. तिने पंख्याला बोट मारलं. इंजिन थुंकलं. तिने पुन्हा मारलं. मग पुन्हा. वस्ताद आधी हसत होता, मग कुजबुजू लागला, मग मोठ्याने सांगू लागला, की दोन थेंब टाक, तिथे नाही, पिस्टन वर घे, उलटा मार, अगं उलटा, इतक्या जोरात नाही. पंचाने त्याला ताकीद दिली. त्याचे दोन्ही हात शेपटीवर होते आणि बोटं नुसती वळवळत होती. शेंबडं पोरसुद्धा चालू करेल ते इंजिन क्लबातल्या सगळ्यात चांगल्या हाताने निघेना. वेळ संपल्याची शिट्टी झाली. पहिल्या रांगेत दुकानदाराने चेहरा गंभीर ठेवला. हसला असता तर परवडलं असतं.

वस्तादाने काय करावं? चूक झाली म्हणावं? तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, की हिच्या हातात दोष आहे, कवळ्या करून करून मनगट मेलंय. असं म्हणणारा बाप तिथल्या लोकांनी आणखी कुठे पाहिला नसेल. विमान उचलून मुलगी मैदानाच्या कडेला गेली, तिथे तिची आई पिशवी घेऊन बसली होती. दुसरी फेरी व्हायची होती. वस्ताद मागोमाग गेला, आणखी बरंच काही सांगायचं होतं त्याला.

मुलीने पाना घेऊन त्याचं इंजिन सोडवायला घेतलं. काय करतेस म्हणून त्याने विचारलं. तिने इंजिन काढून आईच्या हातात दिलं. खाली लाकडी पट्ट्यांवर त्याच्या चार भोकांच्या आत आणखी चार भोकं होती. वस्तादाच्या इंजिनाचे रुंद कान त्यांच्यावर बसत होते, म्हणून त्याला ती कधी दिसली नव्हती. आईने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं दुकानदाराकडचं एक इंजिन काढलं, तसलंच, ज्याच्या स्क्रूंना तो लोण्याचे म्हणायचा, आणि दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. अरुंद इंजिन रुंद नाकात बसावं म्हणून कुणीतरी त्या घडवल्या होत्या. कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. काम स्वच्छ होतं. ते कुणाच्या लेथच्या खोलीत, कुणाच्या कानशीने झालं हे विचारायची गरज नव्हती.

त्याने भोकांवरून बोट फिरवलं. नवी भोकं पांढरी असतात. या भोकांभोवतीचं लाकूड तेल पिऊन काळं झालं होतं, कडा स्क्रूखाली दबून गोल झाल्या होत्या. एकदोन दिवसांचं हे काम नव्हे. हे लाकूड हंगामभर दुसऱ्या इंजिनाखाली राबलं होतं. असल्या गोष्टी वाचायला वस्तादाला कुणी शिकवायची गरज नव्हती, तेवढं तर त्याला येतच होतं.

"शेपूट कुणी धरलं?" त्याने विचारलं.

"आईने."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्या इंजिनावरचं तेल फडक्याने पुसत होती. तो दुपारपाळीला गेला की या दोघी मैदानावर यायच्या, हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. अंगाला इंधनातल्या एरंडेलाचा वास यायचा, पण या घरात तो कुणाच्या लक्षात येणार होता? आणि स्क्रू तिनेच आवळले होते, दर वेळी, दोन्ही इंजिनांचे.

वस्तादाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. मला का नाही सांगितलंस, मुलीला म्हणाला.

मुलगी स्क्रू बसवत होती. तिने वर पाहिलं नाही. "सांगितलं असतं तर तुम्ही हे पण माझ्या हातातून घेतलं असतं, बाबा. सुई मागे घेऊन दिली असती. पट्ट्या नीट करून दिल्या असत्या. मग तेही तुमचंच झालं असतं." मग पुढचा स्क्रू उचलून म्हणाली, "तुमचं इंजिन चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. पण ते तुम्हालाच ओळखतं, आणि तुम्हाला ते माहीतच नाही."

सुईबद्दल, कानांबद्दल, धुराच्या तोंडाबद्दल तो उभ्या उभ्या दिवसभर बोलला असता, पण हे त्याने तपासलंच नव्हतं. कुणीही चालू करावं असं इंजिन केल्याचं तो सांगत आला, आणि ते दुसऱ्या कुणाला एकदाही चालू करू दिलं नाही. असली चूक दुसऱ्याने केली असती तर महिनाभर पुरली असती.

दुसऱ्या फेरीचा पुकारा झाला. बायको सवयीने उठली आणि शेपटीकडे निघाली. मुलीने तिला थांबवलं. "आज बाबांना धरू दे." मग बापाकडे वळून म्हणाली, की मी खूण करेपर्यंत सोडायचं नाही, खूण केली की लगेच सोडायचं, आणि सुईला हात लावायचा नाही.

वस्ताद गुडघे टेकून बसला. इस्त्रीच्या शर्टाचं त्याला भान नव्हतं. तिने पंख्याला सरळ बोट मारलं आणि लोण्याच्या स्क्रूंचं ते इंजिन पहिल्या फटक्यात निघालं. तिने सुई किंचित फिरवली आणि आवाज मोकळा झाला. बरोबर तिथेच झाला. त्यानेही तिथेच थांबवलं असतं. ती उठून मध्यावर गेली, हँडल उचललं, तारा ताणल्या. एरंडेलाचा धूर त्याच्या तोंडावर येत होता, दोन्ही हातांत शेपूट थरथरत होतं, आणि सांगण्यासारखं काही नव्हतं, कुणी ऐकणारंही नव्हतं. त्याला रडू येत होतं. धुरामुळे, असं तो नंतर सांगणार हे उघड होतं.

तिने हात वर केला. क्षणभर तो सोडेल असं वाटेना. बायको मागून एवढंच म्हणाली, "अहो, सोडा आता."

त्याने सोडलं.