टाच टेकू देणारा नाच

पन्नाशी आली तशी मी इथे इंग्लंडात, मेडनहेडमध्ये बॅले शिकायला गेले. टाचा वर, मान वर, पोट आत. माझ्याकडे आपणहून वर जाणारं असं फक्त ब्लडप्रेशर होतं. त्यात एकदा पुढच्या बाईच्या पायाला माझा पाय लागला. लहानपणापासूनची सवय, मी झटकन वाकून तिला हात लावला आणि छातीशी नेला. मागची माझ्यावर आपटली, तिच्यामागची तिच्यावर. टीचर गोड आवाजात म्हणाली, "लव्हली! तुम्ही कधी योगा ट्राय केलाय का?"

मग समोरच्या घरातल्या कोरियन आजींकडे त्यांचा पारंपरिक नाच शिकू लागले. तिथे सगळं उलट. टाच आधी टेकवायची, गुडघे सैल, श्वास पोटात मुरू द्यायचा आणि खांदे जरासे उचलायचे, "मला काय माहीत" म्हणताना उचलतो तसे. वर घेरदार पायघोळ झगा. आत गुडघ्यांचं काय चाललंय ते देवालाच ठाऊक. बॅलेत जमीन म्हणजे तापलेला तवा, इथे अंथरलेली सतरंजी.

लायब्ररीच्या हॉलमध्ये आजींसकट आम्हा सगळ्या शिकणाऱ्या बायकांचा कार्यक्रम ठरला. माझी लेक लहानपणी बॅले शिकलेली, आणि माझ्या प्रत्येक हौसेला खोखो हसत आलेली. एकदा तरी तिने न हसता मला नाचताना बघावं, एवढीच माझी इच्छा.

"प्रॉमिस, आई, नाही हसणार. फक्त पडू नको हं!"

हातातले घडीचे पंखे उघडले, रांग सरकली आणि झग्याखाली माझा पाय पुढे नाचणाऱ्या आजींच्या पायाला लागला. वाकायचं नाही, वाकायचं नाही, म्हणेपर्यंत मी वाकले होते. हात आजींना, मग छातीला. पण तिथे सगळंच इतकं सावकाश, की मागच्या इंग्लिश बायकांना ती नवी स्टेपच वाटली. एकीमागून एक सगळ्या वाकल्या, पुढचीला हात लावून तो छातीशी नेऊ लागल्या. आजी ढिम्म. टाळ्यांचा कडकडाट.

पहिल्या रांगेत लेक तोंडात स्कार्फ कोंबून गदागदा हलत होती.

"हसलीस ना?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"तुला नाही गं! तू खरंच मस्त नाचलीस. त्या इंग्लिश आंट्या एकमेकींच्या पाया पडत होत्या, त्यांना हसले."

माझा ऊर भरून आला. तेवढ्यात आजी आल्या. म्हणाल्या, "शुक्रवारी ती स्टेप सगळ्यांना नीट शिकवा. अजून थोडी सावकाश हवी."

लेकीला पुन्हा हसू फुटलं. या वेळी कोणाला हसतेयस, ते मी विचारलं नाही.