गुळवेल थुंकणारे मासे

आमच्या पुण्याच्या घरात औषधाची एकच पारख होती: तोंड वाकडं झालं पाहिजे. ताप असो की सर्दी, गुळवेलीचा काढा ठरलेला. वर गुळाचा खडा मागितला की आई म्हणायची, "गुण जातो गं." डॉक्टरेट घेऊन सिंगापूरला आले तरी हे माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

काम असं होतं की गुळवेलीचा अर्क माशांच्या खाद्यात मिसळायचा आणि त्यांची प्रतिकारशक्ती वाढते का ते पाहायचं. पुलाउ उबीन बेटाजवळ समुद्रात जाळ्यांचे पिंजरे सोडून जिताडा मासे पाळणाऱ्या एका चिनी अंकलनी मला बोटभर पिल्लांचे दोन पिंजरे दिले. एकाला गुळवेलीचं खाद्य, दुसऱ्याला साधं, तुलनेसाठी.

तिसऱ्या दिवशी अंकल कमरेवर हात ठेवून उभे. "युअर फिश नॉट ईटिंग, लाह! फ्रायडे स्टिल लाइक दिस, आय टेक बॅक."

पिल्लं दाणा तोंडात घ्यायची आणि पचकन थुंकायची. पिंजरे गेले असते तर माझी पोस्टडॉकची दोन वर्षं पाण्यात गेली असती. तरी मी हटून बसले. होईल सवय, आम्हाला नाही झाली?

गुरुवारी पिल्लांची खपाटीला गेलेली पोटं पाहिली आणि स्वतःचीच लाज वाटली, कारण खरं कारण मला ठाऊक होतं. दाण्यांना माकुळाचं, म्हणजे स्क्विडचं, तेल चोळायचं ठरलं होतं. त्या वासाला मासे भुलतात. पण मी जन्माची शाकाहारी. बाटलीचं झाकण उघडताच नाक दाबून परत लावलं, आणि मी ती लॅबच्या कपाटात मागे सारली होती. वर स्वतःला समजावलं, कडूपणा झाकला की गुण जातो.

शुक्रवारी ती बाटली घेऊन बोटीत बसले आणि अंकलना सगळं कबूल केलं. वाटलं, आता हाकलतात. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग बाटली माझ्याकडेच परत ढकलली. "यू रब. नॉट मी."

श्वास रोखून कोपरापर्यंत माखून घेतलं. मूठभर दाणे टाकले आणि पाणी नुसतं उसळलं. एकही दाणा परत आला नाही! मी पिंजऱ्यांभोवतीच्या फळ्यांवर अक्षरशः नाचले.

वळून पाहते तर अंकल गुळवेलीच्या दाण्यांची माझी बादली घेऊन दुसऱ्या पिंजऱ्याकडे निघालेले. धावत जाऊन मी कडी धरली. त्या पिल्लांनाही औषध दिलं तर फरक कळणार कसा?

"दे सिक, हाऊ?" अंकल म्हणाले. "दिस वन ऑल्सो माय फिश, वॉट."

त्यांचं बरोबर होतं; औषधाविना ही पिल्लं आजारी पडली तर नुकसान त्यांचंच होतं. आणि तरी मी बादली सोडली नाही.